जुन्या खेळाचा धनी कोण?

गेल्या ईदला माझा भाचा घरी आला होता. पंचविशीतला मुलगा, नोकरी संगणकाची. शिरखुर्मा झाल्यावर त्याने लॅपटॉपवर एक खेळ लावून माझ्यापुढे ठेवला. अंधाऱ्या तळघरातून पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण धावत होता, खड्डे ओलांडत होता, जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांपासून जीव वाचवत होता. मी लगेच ओळखले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’! नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या संगणक वर्गात सरांची पाठ वळली की हाच खेळ सुरू व्हायचा. एकाच्या फ्लॉपीवरून दुसऱ्याच्या फ्लॉपीवर, असा तो गावभर पसरला होता. मी हौसेने बटणे दाबू लागलो, तेवढ्यात भाचा म्हणाला, ‘‘मामू, हा मी फुकट उतरवून घेतलाय. हे चोरीत मोडतं का हो?’’

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचत गेलो, तसा तो प्रश्न वाटला त्याहून जुना निघाला.

संगणकावरच्या खेळांची सुरुवात धंद्यातून झालेली नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला आणि ज्याला हवा त्याला देऊन टाकला. त्याचे पैसे घ्यावेत असे कुणाच्या मनात आले नाही. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. यंत्रात नाणे टाकायचे आणि खेळायचे. इथून खेळ हा माल झाला. मालाला मालक आला आणि मालकामागून कायदा आला.

हा कायदा मुळात पुस्तकांसाठी होता. इंग्लंडच्या संसदेने तो १७१० मध्ये केला. नव्या पुस्तकावर लेखकाचा हक्क चौदा वर्षे, आणि तो हयात असेल तर आणखी चौदा. त्यानंतर पुस्तक सर्वांचे. लेखकाला त्याच्या घामाचे दाम मिळावे आणि शेवटी ज्ञान समाजाच्या ओटीत पडावे, असा तो सौदा होता. पुढे ही मुदत वाढत गेली. अमेरिकेने १९९८ मध्ये कंपन्यांच्या कृतींसाठी ती प्रकाशनापासून ९५ वर्षांवर नेली. त्या हिशेबाने १९८० चा ‘पॅकमॅन’ मोकळा व्हायला २०७६ साल उजाडेल.

आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे, असे त्यात होते. १९९१ अखेर रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ मध्ये ती साठ वर्षे करण्यात आली. म्हणूनच १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींची पुस्तके २०११ पासून कुणालाही छापता येऊ लागली. आणि १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅमही ‘साहित्यकृती’त जमा झाला. म्हणजे कायद्याच्या नजरेत माझी कविता आणि भाच्याचा खेळ एकाच पंक्तीला बसतात!

तेव्हा सरळ उत्तर असे : बाजारातून उठलेला खेळ बेवारस ठरत नाही. १९९७ च्या सुमारास अशा खेळांसाठी ‘अबँडनवेअर’, म्हणजे टाकून दिलेला प्रोग्रॅम, हा शब्द रूढ झाला. पण कायद्याच्या पुस्तकात त्याला जागा नाही. आपला कायदा विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावासाठी प्रत करू देतो. ती मित्राला वाटू देत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणेही गुन्हा आहे. त्यात कमाईचा हेतू नसेल, तर कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर भागवण्याची मुभा न्यायालयाला आहे. अमेरिकेत जुने खेळ वाटणाऱ्या एका जोडप्यावर निन्टेन्डो कंपनीने २०१८ मध्ये दावा लावला. तो मिटला एक कोटी बावीस लाख डॉलरवर.

जुने यंत्र नव्या संगणकावर हुबेहूब उभे करणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. तो मात्र आपोआप बेकायदा ठरत नाही. सोनी कंपनीने कनेक्टिक्सविरुद्ध असाच दावा केला होता; २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. ग्रामोफोन बनवणे गुन्हा नाही, गाण्याची चोरटी तबकडी विकणे गुन्हा, असे म्हणा ना. काही निर्मात्यांनी तर स्वतःच दार उघडे ठेवले. १९९३ च्या ‘डूम’चा पहिला भाग खुशाल वाटा, असे त्याच्या कर्त्यांचेच सांगणे होते.

इथपर्यंत कायदा कळतो. अडचण पुढे आहे. पुस्तक साठ वर्षे वाट पाहू शकते. कसर लागली, पाने पिवळी पडली, तरी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात ते वाचता येते. फ्लॉपीला एवढे आयुष्य नाही. तिच्यावरची चुंबकीय अक्षरे पुसट होत जातात, ती वाचणारी यंत्रे भंगारात जातात. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये मोजदाद केली. २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. हक्काची मुदत संपेल तेव्हा हक्क सांगायला वस्तूच उरलेली नसेल.

मालक जपतील म्हणावे, तर १९८३ मध्ये अटारीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरून टाकल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या आणि त्यातली एक स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली!

आमच्या राजपुत्राची कथाही अशीच. जॉर्डन मेकनर या तरुणाने धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवून १९८९ मध्ये हा खेळ पुरा केला. पुढे प्रकाशक कंपनी विकली गेली, हात बदलत खेळाचे नाव फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडे गेले. मूळ प्रोग्रॅम मात्र कुणाकडेच सापडेना. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचा एक खोका मिळाला. जाणकारांनी त्यांतली अक्षरे वाचवली आणि मेकनरने ती जगापुढे ठेवली. सोबत चिठ्ठीही जोडली : अभ्यास करा, बदल करा, माझी हरकत नाही, पण खेळाचे हक्क मी देत नाही, ते नाव युबिसॉफ्टचे आहे. किती नेमके बोलला तो! १७१० चाच नियम आज असता, तर २०१७ मध्ये हा खेळ सर्वांचा झाला असता.

हे वाचताना मला माझा पहिला कवितासंग्रह आठवला. त्याचा प्रकाशक केव्हाच धंदा आवरून गेला. माझ्याकडची शेवटची प्रत कुणी नेली ती परतलीच नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर एक मुलगी सही घ्यायला आली. तिच्या हातात त्या संग्रहाची झेरॉक्स होती, टाचण्या मारलेली. क्षणभर राग आला. आपल्याला न विचारता? मग लक्षात आले, की आज माझ्या या कविता वाचता येतील अशी मला ठाऊक असलेली ती एकमेव प्रत आहे.

म्हणून कायदा मोडा, असे मी म्हणणार नाही. घामाचे दाम बुडवणे वाईटच. जो खेळ आजही विकत मिळतो, तो विकतच घ्यावा. पण जे मालक विकत नाहीत, जपत नाहीत आणि दुसऱ्याला जपूही देत नाहीत, त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी वाट हवी. अमेरिकेत ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना जुने खेळ जतन करण्यासाठी काही सवलती मिळाल्या आहेत; अभ्यासकांना ते घरबसल्या पाहू द्यावेत, ही मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली. आपल्या ग्रंथालयांनी अजून हा विषयच हाती घ्यायचा आहे.

भाच्याला मी एवढेच सांगितले, ‘‘बेटा, कायद्यानं हे चूक आहे. पण ज्यानं हा खेळ बनवला त्याचं नाव तरी तुला ठाऊक असू दे.’’ आणि त्या मुलीच्या झेरॉक्सवर सहीखाली मी एक ओळ लिहिली होती : ‘प्रत काढण्यास कवीची परवानगी आहे.’

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)