तळटीप : ‘दुरून लॉगिन’
* सोनारीसारख्या (ता. परांडा) गावातला राऊटर रुसला की दर वेळी मोटारसायकल काढावी लागू नये, म्हणून धाराशिवला बसूनच त्यात शिरण्याची सोय. सिस्कोच्या राऊटरमध्ये त्यासाठी ‘व्हीटीवाय’ नावाच्या आभासी वाटा असतात. बहुधा 5, क्रमांक 0 ते 4. त्यांवर पासवर्ड नेमलेला नसेल, तर टेलनेट या दुरून लॉगिनच्या पद्धतीने आलेल्याला यंत्र ‘पासवर्ड हवा, पण ठेवलेलाच नाही’ असे सुनावून परत पाठवते. (लेखकाला यात गंमत वाटते, रात्री दुरुस्तीला बसलेल्याला वाटत नसावी.) मात्र टेलनेट पासवर्ड उघडाच धाडते, म्हणजे किल्ली कुठे ठेवली ते चावडीवर ओरडून सांगणे. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी 1995 साली पासवर्ड झाकून धाडणारे एसएसएच रचले ते पासवर्डच्या अशाच चोरीला कंटाळून. — संपा.