टपालाने आलेलं गाणं

परवा जुनी हार्डडिस्क साफ करायला घेतली. 'गाणी' नावाच्या फोल्डरमध्ये २३ फायली निघाल्या. सगळ्या मीच घरी सॉफ्टवेअरवर केलेल्या, आणि सगळ्या अर्धवट! कुठे नुसते ड्रम्स, कुठे गिटारचे चार कॉर्ड. साधनं नव्हती म्हणावं तर तसंही नाही. हवे तितके ट्रॅक होते, हवे तितके आवाज होते. मग अडलं कुठे?

१९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करायचे आणि मग एकत्र करायचे, हे त्यामुळे घरबसल्या जमू लागलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी त्यावर काही गाणी केली, ती फक्त बँडला ऐकवण्यापुरती. पुढे स्टुडिओत बँडबरोबर तीच करून पाहिली, पण मनासारखी होईनात. शेवटी त्या कॅसेटवरचीच गाणी 'नेब्रास्का' म्हणून बाहेर आली. ओहायोतल्या डेटनचा रॉबर्ट पोलार्ड तर शाळामास्तर. त्याच्या गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचा 'बी थाउजंड' (१९९४) बराचसा असाच घरगुती. खरखर ऐकू येते, काही गाणी सुरू होता होता संपतात. पण २० गाणी आहेत, आणि पूर्ण आहेत!

मग कॅसेटचं काम कॉम्प्युटरकडे आलं. २००० साली ऑडॅसिटी फुकट मिळू लागलं, २००४ मध्ये अ‍ॅपलचं गॅरेजबँड आलं. पण या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे द पोस्टल सर्व्हिसची. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसला, बेन गिबर्ड सिएटलला. जिमी घरी इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करून टपालाने पाठवायचा. बेन त्यात काटछाट करायचा, शब्द आणि आवाज घालायचा आणि परत धाडायचा. असं करत 'गिव्ह अप' फेब्रुवारी २००३ मध्ये आला आणि दहा लाखांवर खपला. गंमत म्हणजे खऱ्या अमेरिकन टपाल खात्याने नावावरून त्यांना नोटीस पाठवली! पुढे समझोता झाला. नाव वापरा, पण आमच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत गाऊन दाखवा.

या गोष्टीत मला सॉफ्टवेअरपेक्षा ते पाकीट महत्त्वाचं वाटतं. पाकीट पेटीत पडलं की आता बदल नाही. पलीकडे कुणीतरी वाट बघतंय, म्हणजे जसं आहे तसं पाठवणं आलं. चार ट्रॅकवाल्यांचंही तेच. पाचवा ट्रॅकच नाही, मग थांबावंच लागायचं. मला थांबवणारं कुणी नव्हतं, आणि वाट बघणारंही...

खरं तर होतं. त्या २३ पैकी एका फाइलमध्ये माझ्या एका मित्राची गिटार आहे. २००६ साली नागपूरहून त्याने सीडी पाठवली होती, "यावर तू गा" म्हणून. आवाज नीट लागला की गाऊ, चांगला माइक घेतला की गाऊ, असं म्हणत मी ते ठेवून दिलं. त्याने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

काल रात्री एका दमात गायलो. दुसऱ्या कडव्यात सूर घसरलाय. तसंच पाठवून दिलं.

अजून उत्तर आलेलं नाही. असो. आता वाट बघायची पाळी माझी.