विवाहनोंदणीतील त्रुटी व विवाहाची वैधता
हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी संपन्न होतो आणि त्यात सप्तपदी, म्हणजे अग्नीसमक्ष सात पावले चालण्याचा विधी, असेल, तर सातवे पाऊल पडताच तो बंधनकारक ठरतो. म्हणून नोंद राहून गेली, तरी कलम ८ प्रमाणे त्याच्या वैधतेला बाध येत नाही. नावातील वा तारखेतील चुकीने अडचण होते ती बहुधा पुराव्याची. उलट, आवश्यक विधीच झाले नसतील, तर निर्दोष प्रमाणपत्रानेही विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली मात्र विवाह अधिकाऱ्याने नोंदवहीत लिहिलेले प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा असतो.