खापरावरचं मत

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकांची सूचना बरोबर असूनही मी विरोधात हात वर केला. का? ते फार बोलतात म्हणून! घरी येताना प्राचीन अथेन्स आठवलं. तिथे खापरावर नाव कोरून एखाद्या नेत्याला १० वर्षं हद्दपार करता यायचं. ६,००० खापरं मात्र जमायला हवीत. इ.स.पू. ४८२ मध्ये पाळी आली अरिस्टायडीसची. प्लुटार्क सांगतो, एका निरक्षर मतदाराने न ओळखता खुद्द अरिस्टायडीसकडूनच त्याचं नाव लिहून घेतलं. राग कसला? सगळे त्याला 'न्यायी' म्हणतात, याचाच कंटाळा! पुढे इराणी स्वारी आली तेव्हा अथेन्सनेच त्याला परत बोलावलं.

खापरावर कारण लिहावं लागत नव्हतं. हात वर करतानाही लागत नाही. असो. पुढच्या मीटिंगला कारण आधी स्वतःला सांगेन म्हणतो.