ग्रॅनाइट्सची रानतंबाखू

झाडांकडून औषधं करून घेण्याचे ठळक टप्पे पुष्कळांना ठाऊक असतात. १९८९ साली तंबाखूत बनलेली प्रतिपिंडं, २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं, गाजराच्या पेशींत तयार होणारं गोशे रोगावरचं औषध. मला मात्र ओढ लागली ती २०१४ च्या झीमॅपची. लायबेरियात इबोला झालेल्या दोघा अमेरिकी मिशनऱ्यांना दिलेलं हे औषध केंटकीतल्या ओवेन्सबरोमध्ये निकोटियाना बेन्थामियाना या ऑस्ट्रेलियन रानतंबाखूच्या पानांत तयार झालं होतं.

या झाडाची कुळकथा बीगल जहाजापासून सांगायची पद्धत आहे. जहाजावरचा शल्यवैद्य बेंजामिन बायनो यानं ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ते गोळा केलं, हे खरंच. शिवाय बीगल म्हटलं की डार्विन आठवतो, म्हणून ही गोष्ट रंगतेही. पण ती वनस्पतिशास्त्रातल्या नोंदीची गोष्ट झाली. औषधाच्या झाडाचं कूळ वेगळं. जगभरच्या प्रयोगशाळांतलं बेन्थामियाना जनुकांनी जुळतं ते किनाऱ्याशी नव्हे, तर आत वाळवंटात, तानामीतल्या 'द ग्रॅनाइट्स' या जुन्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातल्या झाडांशी.

आणि तिथंच खरं गुपित आहे. विषाणूचा आरएनए दुहेरी करून त्याचे तुकडे पाडणारी यंत्रणा जागी करणारा आरडीआर१ हा जनुक या झाडात मोडलेला आहे. ७२ अक्षरांचा एक तुकडा मध्येच घुसला आहे. त्यामुळे विषाणूंपासून घडवलेले वाहक पानात शिरले की त्यांना अडवणारं फारसं कुणी नसतं. हे वाहक पोचवणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूच्या द्रावात झाडं उलटी बुडवून निर्वात दाबानं तो द्राव पानात भरला, की आठवडाभरात हवं ते प्रथिन साठतं.

प्रयोगशाळेतल्या पिढ्यान्‌पिढ्या लाडांमुळे हा जनुक बिघडला असेल, असा एक तर्क करता येतो. तो टिकत नाही, कारण ग्रॅनाइट्सच्या रानातल्या झाडांतही तोच तुकडा आहे, आणि तो लाखो वर्षं जुना आहे. २०१५ साली मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं: पाऊस क्वचित, विषाणूही विरळ, अशा मुलखात बचावापेक्षा झपाट्यानं वाढून बी धरणंच फायद्याचं.

इतर ठिकाणच्या रानातल्या बेन्थामियानाच्या झाडांत आरडीआर१ शाबूत आहे. त्यांपैकी एखाद्याचं बी आधी प्रयोगशाळेत पोचलं असतं, तर बेन्थामियानाकडे कुणी वळून पाहिलं नसतं आणि झीमॅप दुसऱ्याच पेशींत वाढवावं लागलं असतं, असं मी ठामपणे म्हणेन.