बचाव-निधीचा जमाखर्च व शिक्षेंतील वर्णभेद
(इ. स. १८८२ ते १९०८)

राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास लिहितांना न्यायाधीशाचें ज्यूरीपुढील भाषण, बॅरिस्टरांचा युक्तिवाद व ज्यूरीचा निकाल ह्या तीन साधनांवर लेखकांची भिस्त असते. हीं साधनें छापलेलीं, सहज मिळणारीं, व म्हणूनच पुष्कळ वापरलेलीं आहेत. चवथें साधन म्हणजे आरोपीच्या बचावासाठीं लोकांनीं दिलेल्या वर्गणीचा जमाखर्च. संग्राहकांचें लक्ष त्याकडे फारसें जात नाहीं. एखाद्या जुन्या मनिऑर्डरीच्या पावतीपेक्षां पेशवाईंतील फाटकी यादी आपणांस मोलाची वाटते. परंतु लोकांचा पैसा त्या खटल्यांत कोणत्या कामास पुरा पडला व कोणत्या ठिकाणीं हतबल ठरला, हें त्या पावत्यांवांचून समजणें कठीण. आणि गोऱ्या व काळ्या आरोपींत कायद्यानेंच केलेला भेद ध्यानांत घेतल्यावांचून त्या पावत्यांचाही अर्थ लागत नाहीं.

महाराष्ट्रापुरता आरंभ कोल्हापूर प्रकरणापासून करावा. कोल्हापूरचे कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांनीं 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतील मजकुराबद्दल अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार चार महिन्यांची कैद झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. या खटल्यासाठीं वर्गणी जमली, विद्यार्थ्यांनीं नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला, आणि जोतीराव फुले यांनीं रामशेट उरवणे यांच्याकडून दहा हजार रुपयांच्या जामीनकीची तजवीज केली. येथें दोन निराळ्या जातींचा पैसा आहे. जामीनकी आरोपी हजर झाला कीं मोकळी होते. वर्गणी मात्र देणाराच्या हातून कायमची जाते. हिशेब द्यावयाचा तो वर्गणीचा. एकाच यादींत दोन्ही रकमा आल्या असतां वाचणारानें त्या प्रथम वेगळ्या कराव्या, नाहीं तर निधि फुगलेला दिसतो व कारभाऱ्यांवर नाहक संशय येतो.

खरी कसोटी लागली ती १८९७ सालीं. १५ जूनच्या 'केसरी'मध्यें शिवाजी-उत्सवाचें वृत्त व शिवाजीच्या मुखीं घातलेली एक कविता छापली होती. २२ जूनच्या रात्रीं पुण्यांत रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारनें दोहोंचा संबंध जोडला व २७ जुलै रोजीं टिळकांस मुंबईंत अटक झाली. जामिनाचा अर्ज आधीं नामंजूर होऊन पुढें न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं तो मंजूर केला. अर्ज चालविणारे बॅरिस्टर दिनशा दावर हे होते. हें नांव पुढें निराळ्या आसनावर भेटणार आहे. इकडे कलकत्त्यास 'अमृत बझार पत्रिके'चे मोतीलाल घोष यांनीं वर्गणीच्या कामांत पुढाकार घेतला, व रवींद्रनाथ ठाकूर यांनींही त्यास हातभार लावला. या पैशावर प्यू व गार्थ हे दोन बॅरिस्टर कलकत्त्याहून मुंबईस आले.

ज्यांनीं टिळकांस बहुधा कधीं पाहिलेंही नव्हतें, अशा बंगाली गृहस्थांनीं हा पैसा दिला. त्याचा झाडा कोण घेणार? बचाव-निधीची समिति म्हणजे आठ दिवसांत उभी राहिलेली व खटला संपतांच विरून जाणारी संस्था. तिला ना विश्वस्तपत्र, ना नोंदणी. १८६० चा संस्था-नोंदणीचा कायदा किंवा १८९० चा धर्मादाय देणग्यांचा कायदा अशा क्षणिक निधीस लागू करणें जवळ जवळ अशक्य. राहतां राहिला तो वर्तमानपत्रांत पोच छापण्याचा रिवाज. १८९५ सालीं शिवाजीच्या समाधीसाठीं निघालेल्या फंडाच्या याद्या 'केसरी'नें अशाच छापल्या होत्या, आणि आण्या-दोन आण्यांची वर्गणी देणारासही आपलें नांव शोधून काढतां येत असे. परंतु स्मारकास दिलेली वर्गणी निराळी व राजद्रोहाच्या आरोपीस दिलेली निराळी. सरकारी नोकर, इनामदार, सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेचा मास्तर यांनीं आपलें नांव कसें छापूं द्यावें? नांव छापावें तर दाता संकटांत, न छापावें तर हिशेब लंगडा. आमच्या मतें गुप्त दात्यांच्या रकमा हा कारभाऱ्यांचा दोष मानूं नये. तो त्या काळच्या राज्यकारभाराचा पुरावा मानावा. मात्र जमेची बाजू झांकण्यास जें कारण पुरतें तें खर्चाची बाजू झांकण्यास पुरत नाहीं. बॅरिस्टरास काय दिलें, प्रवासखर्च किती, शिल्लक कोणाकडे, हें सांगितल्यानें कोणाचीही नोकरी जात नव्हती. कलकत्त्याच्या निधीची यांत एक सोय होती. पैसा कलकत्त्यास जमला व बॅरिस्टरही कलकत्त्याचेच धाडले, त्यामुळें आपला रुपया कोणाच्या रूपानें मुंबईस गेला हें दात्यास डोळ्यांनीं दिसलें.

याच दृष्टीनें टिळकांचें मोतीलाल घोष यांस गेलेलें प्रसिद्ध पत्र पुन्हा वाचण्यासारखें आहे. माफी मागून सुटका करून घ्यावी असें कित्येक स्नेह्यांचें म्हणणें होतें. गुन्हा कबूल करण्यास टिळकांनीं नकार दिला, व लोकांतील आपलें स्थान सर्वस्वीं चारित्र्यावर अवलंबून आहे असा आशय त्यांनीं घोष यांस कळविला. चरित्रकारांनीं या पत्रांत करारीपणा पाहिला, तो आहेच. परंतु तें ज्याच्या बचावासाठीं पैसा जमला त्यानें पैसा जमविणाऱ्यास लिहिलेलें पत्र आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. लोकांनीं बचावासाठीं दिलेल्या पैशावर उभें राहून गुन्हा कबूल करावयाचा, तर वर्गणी ज्या कारणासाठीं दिली तें कारणच उरत नाहीं. जमाखर्चाचा कागद याहून अधिक काय सांगणार?

आतां पैशाची धांव कोठें संपली तें पाहूं. खटला न्यायमूर्ति स्ट्रेची यांच्यापुढें चालला व १४ सप्टेंबर रोजीं निकाल लागला. ज्यूरी नऊ जणांची. सहा युरोपियन, तीन हिंदी. सहा जणांनीं टिळक दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोषी. सहकारी आरोपी असलेला मुद्रक सुटला. टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. फौजदारी कायद्याप्रमाणें हायकोर्टांत ज्यूरीचें एकमत नसल्यास निदान सहा मतें एका बाजूस व न्यायाधीश त्यांस अनुकूल, एवढें लागत असे. म्हणजे निकालास जितकीं मतें अवश्य तितकेच युरोपियन ज्यूरींत बसले होते. तीनही हिंदी ज्यूररांचें मत प्यूसाहेबांनीं मिळविलें असतें काय, चौथें मिळालें असतें तर काय झालें असतें, हा तर्क निष्फळ आहे. चौथा हिंदी ज्यूरींत नव्हताच. पुढें प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यासाठीं इंग्लंडचे भावी मुख्य प्रधान अॅस्क्विथ उभे राहिले, तीही मिळाली नाहीं.

उलट बाजूचा आरोपी घ्या. १८८३ च्या इल्बर्ट बिलाच्या गोंधळानंतर १८८४ च्या तिसऱ्या कायद्यानें जी तडजोड झाली तीप्रमाणें 'युरोपियन ब्रिटिश प्रजाजन' या आरोपीस जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढेंही निदान निम्मे युरोपियन वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागतां येई. शिवाय शिक्षेस मर्यादा होती: जिल्हा मॅजिस्ट्रेटानें त्यास सहा महिने कैद व दोन हजार रुपये दंड याहून अधिक, व सेशन कोर्टानें एक वर्षाच्या कैदेहून अधिक शिक्षा देऊं नये, अधिक द्यावीशी वाटल्यास प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावें. आतां याच १८९७ सालांतील 'प्रतोद' पत्राचा खटला शेजारीं ठेवावा. सातारच्या सेशन जज्जानें त्याच्या संपादकास जन्मभर काळ्या पाण्याची व मुद्रकास सात वर्षांची शिक्षा दिली. हायकोर्टानें ती कमी करून अनुक्रमें एक वर्ष व तीन महिने केली. तोच जज्ज, तेंच आसन. समोर युरोपियन असता तर जज्जाच्या लेखणीस एका वर्षापलीकडे जाण्याची मोकळीक नव्हती. कायद्याच्या बाहेर न जातां न्यायासनावरील माणूस काय करूं शके याचा नमुना १८७६ सालीं गाजलेल्या आग्र्याच्या फुलर प्रकरणांत आहे. फुलर या इंग्रज वकिलानें आपल्या मोतद्दारास मारलें व तो मेला. दंड तीस रुपये. व्हाइसरॉय लिटनसाहेबांनाही ही शिक्षा अपुरी वाटून त्यांनीं मॅजिस्ट्रेटावर ठपका ठेविला.

इल्बर्ट बिलाच्या वेळीं कलकत्त्याच्या युरोपियनांनींही वर्गणीवर एक 'डिफेन्स असोसिएशन' काढलें होतें. दोन्ही निधींच्या नांवांत बचावच. एक आरोपीच्या बचावाचा, दुसरा आरोपी निराळ्या मापानें तोलला जावा या हक्काच्या बचावाचा.

तर मग प्यू व गार्थ यांस दिलेला पैसा वायां गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. 'डिस्अफेक्शन' या शब्दाचा अर्थ काय यावर त्या खटल्यांत जो वाद झाला, त्याचा परिणाम सरकारास १८९८ च्या चौथ्या कायद्यानें कलम १२४ अ नव्यानें लिहावें लागण्यांत झाला. कायदा अधिक कडक झाला हें खरें. परंतु काय बोलल्यास गुन्हा हें निदान छापून आलें. वर्गणीनें वाद विकत घेतला, ज्यूरी घेतली नाहीं. जेथें खटलाच नाहीं तेथें तर निधीस वावच नसे: नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेविलें, तेथें बॅरिस्टर कोणापुढें उभा करावयाचा?

१९०८ सालीं टिळकांनीं स्वतःच भाषण केलें, एकवीस तासांहून अधिक. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. मराठी लेखांचा न्याय सरकारी भाषांतरांवर होत आहे ही तक्रार त्यांनीं वारंवार केली. निकाल सातांविरुद्ध दोन. २२ जुलै रोजीं सहा वर्षें काळें पाणी व हजार रुपये दंड सांगणारे न्यायमूर्ति म्हणजे तेच दिनशा दावर.

वर्णभेदाचीं हीं कलमें १९२३ च्या बाराव्या कायद्यानें पुष्कळ अंशीं सैल झालीं व उरलेलीं १९४९ च्या सतराव्या कायद्यानें गेलीं. ज्यांच्या घरीं १८८२, १८९७ वा १९०८ सालचीं दप्तरें आहेत त्यांनीं दुकानाच्या रोजकीर्दींत 'खटला खातें', 'केसरी खातें' अशा नांवें टाकलेल्या रकमा पाहाव्या, पोस्टाच्या पावत्या लग्नपत्रिकांबरोबर रद्दींत देऊं नयेत, आणि यादींत जेथें नांवाच्या जागीं नुसतें 'एक गृहस्थ' लिहिलें असेल तेथें शेजारची रक्कम व तारीख तेवढी जपून उतरून घ्यावी.