तळं कुणी खणलं?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही महिन्यांपूर्वी भोसले घराण्यावरच्या भागात मी एका दमात सांगून टाकलं होतं, की मालोजीराजांना देवीच्या कृपेने खजिना सापडला आणि त्या पैशातून त्यांनी शिखर शिंगणापूरचं तळं बांधलं. ऐकायला मस्त वाटतं. पण ही गोष्ट बखरींमधली आहे, आणि "बखरीत असं म्हटलंय" हे तीन शब्द मी बिनधास्त खाल्ले होते. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये तेच तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे असतात. तर माफी असावी.

हे ध्यानात आणून दिलं माझ्या आजीने. तिने बखर वाचलेली नाही, तिला वाचताच येत नाही. झालं असं, की दिवाळीत मी आटपाडीला घरी होतो आणि मोबाईलवर लालिबेलाचा व्हिडिओ बघत होतो. इथिओपियातल्या डोंगराळ भागात, अडीच हजार मीटर उंचीवर हे गाव आहे. अकरा चर्च, सगळी अखंड खडकात कोरलेली, १९७८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. स्क्रीनवर पांढरे कपडे घातलेले, डोक्यावरून पांढरी शाल घेतलेले हजारो लोक अनवाणी चालत होते. आजी मागून डोकावली आणि म्हणाली, "हे कंचं शिंगणापूर रं?"

मी हसलो. मग मलाच ते चमत्कारिक वाटायला लागलं, कारण तिचा प्रश्न तितकासा चुकीचा नव्हता.

लालिबेला हे एका राजाचं नाव. गावाचं जुनं नाव रोहा. बाराव्या शतकाच्या शेवटी आणि तेराव्याच्या सुरुवातीला हा राजा होऊन गेला, त्याच्याच नावाने पुढे गाव ओळखलं जाऊ लागलं. आता आपल्याकडे या. शिंगणापूरबद्दल परंपरा सांगते, की देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने ते वसवलं. सिंघणापूरचं झालं शिंगणापूर. यादवांमध्ये सिंघण दोन होऊन गेले. जास्त गाजलेला दुसरा सिंघण १२१० च्या आसपास गादीवर आला. म्हणजे परंपरा त्याच्याबद्दल असेल, तर ज्या वर्षांत तिकडे लालिबेला राज्य करत होता, त्यातली काही वर्षं इकडे सिंघणही राज्य करत होता. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन उंच, कोरडे डोंगर, दोन राजांची नावं, आणि तिथे पायी चालत जाणारी माणसं.

आजीला म्हटलं, चल, यात्रा नसताना निवांत जाऊन येऊ. गाडी काढली. दिघंची, म्हसवड करत दीड-दोन तासांत पोचलो.

ज्यांनी शिंगणापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी (आणि नाही, हे शनीचं शिंगणापूर नव्हे, ते नगर जिल्ह्यात): सातारा जिल्ह्यातला माण तालुका, शंभू महादेवाची डोंगररांग, उंची साधारण हजार मीटर. वर शंभू महादेवाचं दगडी देऊळ आणि गाभाऱ्यात दोन लिंगं, शिव आणि शक्तीची. थोडं खाली अमृतेश्वराचं देऊळ, त्याला लोक बळी म्हणतात. बहुतेक ठिकाणी तुम्ही "हेमाडपंती मंदिर" एवढंच वाचाल. हेमाडपंत हा यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, पण या पद्धतीचं बांधकाम त्याच्या आधीपासून होत होतं. त्यामुळे हेमाडपंती म्हटलं म्हणजे तारीख कळली असं होत नाही. शिवाय आज आपण जे बघतो त्यात पुढच्या कितीतरी दुरुस्त्या आहेत. अठराव्या शतकात सातारच्या छत्रपती शाहू महाराजांनी इथे मोठा जीर्णोद्धार केला. भोसल्यांचं हे कुलदैवत.

देवळाच्या आवारातून खाली बघितलं की या जागेची खरी अडचण समजते. हा डोंगर म्हणजे पाणलोटाची कड आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस नीरेकडे जातो, दक्षिणेकडचा माणगंगेकडे. वर काहीच थांबत नाही. त्यात हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. याच डोंगररांगेच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. आमच्या आटपाडीत चांगल्या वर्षी चारशे-पाचशे झाला तरी लोक खूश असतात. अशा डोंगराच्या माथ्यावर देव बसलाय, आणि चैत्रात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्याची यात्रा.

म्हणून तळं.

शिवाजी महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' हे संस्कृत काव्य लिहिलं. त्यात मालोजीराजांनी शंभू महादेवाच्या डोंगरावर लोकांचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून मोठं तळं बांधवल्याचं आलंय. तळ्याचा काळ साधारण १६०० च्या आसपासचा मानतात. काव्य आहे, त्यात आश्रयदात्याचं कौतुक आहेच. पण नातवाच्या हयातीत, तळं डोळ्यांसमोर असताना लिहिलेलं आहे, हे विसरू नका. खजिन्याची गोष्ट मात्र बखरींची: देवीने दृष्टांत दिला, द्रव्य सापडलं, ते चांभारगोंद्याच्या, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याच्या, शेषो नाईकांकडे ठेवलं, वगैरे. वेरूळच्या एका पाटील घराण्याकडे अचानक एवढं बळ कुठून आलं, हे समजावून सांगायला अशी गोष्ट उपयोगी पडते. खरं तर मालोजी निजामशाहीचे सरदार होते, जहागिरी होती. खजिना न सापडताही तळं बांधता येईल अशी माणसं होती ती.

इथे थोडं बाजूला जातो, कारण राहवत नाही. त्याच काळात, त्याच निजामशाहीत एक माणूस वर येत होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला, पुढे अख्खी निजामशाही चालवणारा मलिक अंबर. जन्म हबशी मुलखातला, म्हणजे आजचा इथिओपिया. लालिबेला ज्या देशात आहे, तो देश. याच मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी शहर वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. मराठवाड्यातल्या कोणालाही नहर-ए-अंबरी विचारा.

असो. तर आम्ही तळ्याच्या काठावर बसलो होतो. पाणी होतं, हिरवट, पण होतं. मी माझी पॉडकास्टवाली टेप सुरू केली: मालोजीराजे, निजामशाही, शिवभारत. आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ते समदं खरं. पर खांदलं कुणी?"

"मालोजीराजांनी, आजी."

"राजा कशाला खांदतोय? मानसं किती हुती?"

गप्प बसलो. कारण अशा सगळ्या इमारतींच्या बाबतीत माझ्या डोक्यात कर्ता एकच असतो. "शाहू महाराजांनी बांधलं", "लालिबेलाने कोरलं", "कृष्णराजाने कैलास खोदवला". आमच्या कोडमध्ये कोणत्या ओळीत कोणी बदल केला हे वर्षानुवर्षं नावासकट राहतं. इथे चारशे वर्षांचं काम उभं आहे आणि एकाही हाताचं नाव नाही.

लालिबेलाचीच गोष्ट घ्या. तिथली परंपरा सांगते की दिवसा माणसं खडक कोरायची आणि रात्री देवदूत येऊन दुप्पट काम करून जायचे. श्रद्धेची गोष्ट म्हणून सुंदर आहे. पण ती चर्च, विशेषतः क्रुसाच्या आकाराचं बेते गियोर्गिस, वरून खाली कोरलेली आहेत, आपल्या वेरूळच्या कैलासासारखी. वरून कोरताना चूक झाली तर तुटलेला दगड परत चिकटवता येत नाही. म्हणजे ज्यांनी छिन्नी धरली ते साधे वेठबिगार नसणार, त्यांच्या हातात पिढ्यांची कला असणार. तिकडे देवदूत आले, आमच्याकडे देवीचा खजिना आला, आणि दोन्ही गोष्टींमधून मजूर अलगद बाहेर गेला. मला वाटतं बखरीतली गोष्ट सांगताना माझी खरी चूक ही होती. तीन शब्द खाल्ले ते खाल्लेच, पण खजिना सापडला म्हटल्यावर "काम कुणी केलं" हा प्रश्न मला सुचलाच नाही.

बरं, मजुरांचा इतिहास मिळतच नाही असंही नाही. परतताना म्हसवड-दिघंचीच्या पट्ट्यात राजेवाडीचा तलाव लागतो. ब्रिटिशांच्या काळातला, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला. या दुष्काळातल्या मजुरीचा हिशोब चक्क छापलेला आहे. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी कापून मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे, एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसायची आणि खायला एवढं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. शाळेत आम्हाला सार्वजनिक सभा स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात भेटली. साडेचारशे ग्रॅमचा उल्लेख त्यात मला तरी आठवत नाही.

गाडीत हे सांगितलं तर आजी म्हणाली, "आमाला सुकडी मिळायची."

१९७२. आजी तेव्हा बाविशीची, बाबा दोन वर्षांचे. विहिरी आटल्या, बैल विकले, आणि माणदेशातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर. खडी फोडायची, नाला बंडिंग, पाझर तलाव. बाबांना झाडाच्या सावलीला लुगड्याच्या झोळीत टाकून ती पाट्या वाहायची. त्या दुष्काळातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा आला, आणि त्याचं कौतुक पुढे देशभर झालं. हे सगळं मला परीक्षेपुरतं माहीत होतं. आजीने पाटी वाहिली, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी, गाडीच्या मागच्या सीटवरून कळलं.

"शिंगणापूरचं तळंबी तसंच की मग," ती म्हणाली. "दुष्काळी काम."

नक्की तसंच होतं असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर पुढच्या भागात परत माफी मागावी लागेल. पण कावडींचा विचार करा. चैत्र शुद्ध द्वादशीला लोक कऱ्हा नदीचं पाणी सासवडहून कावडीत भरून, पायी, कोथळ्याच्या बाजूने मुंगी घाटातून वर चढवतात. घाट म्हणजे रस्ता नाही, कडाच. माणसांची साखळी, दोर, एकमेकांचे हात आणि देवाला चक्क एकेरीत दरडावणं: "म्हाद्या, धाव!" भुतोजी तेल्याची मानाची कावड सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिनिअर म्हणून मला ती आपल्या भागातली पहिली उपसा योजना वाटते. नदी खाली, देव वर, मोटर नाही. आणि या कामात मात्र वाहणाऱ्याचं नाव टिकलंय. देवळाच्या इतिहासात राजे आहेत, घाटात तेली आहे.

आज आटपाडीत जे पाणी दिसतं तेही चढवूनच आणलेलं आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं, टप्प्याटप्प्याने वर. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्यासोबत तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं रस्त्यावर उतरली, त्यानंतर कुठे ते आलं. आमच्या शेजारच्या रानात डाळिंबाला आता टेंभूचं पाणी आहे. योजनेच्या श्रेयाचे बोर्ड गावोगाव आहेत, त्यांवरचे फोटो मी मोजायला गेलो होतो, नाद सोडला.

घरी पोचायच्या आधी आजीने गाडी थांबवायला लावली. गावाच्या वर, माळावर एक पाझर तलाव आहे. लहानपणी आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो, बांध म्हणजे आमची बाउंड्री. ती हळूहळू बांधावर चढली, चप्पल काढली आणि एका टोकाकडे हात केला. "हितनं तिकडंपतूर आमची टोळी."

हजेरीपत्रकावर नाव होतं का, मी विचारलं. होतं म्हणाली. मुकादम आजोबांचं नाव लिहायचा आणि पुढे 'बायको'.

मग मी फोन बाहेर काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिच्या टोळीत बारा बाया होत्या, त्यांतल्या नऊ जणींची नावं तिला वडिलांच्या नावासकट आठवली. उरलेल्या तिघींसाठी ती आता गावात चौकशी करतेय. ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पुढच्या भागात ऐकवतो. माळावर वारा फार होता, आवाज थोडा फाटलाय, तेवढं चालवून घ्या.